डावीकडून चौथी

जाड पुठ्ठ्याचा चौथा खंड आज आला.
साठ डॉलर. ट्रेंट म्हणाला, नातवासाठी का?
म्हटलं, नाही रे, हजेरी तपासायला.

त्याला कळलं नाही. त्याच्या दुकानात सगळे
नायकासाठी येतात. तो, छातीवर होकायंत्र असलेला,
ज्याचं नाव मी इथे लिहीत नाही,
कारण त्याचे मालक फार, वकील त्याहून फार.
मी त्याला कधी वाचलं नाही.
नुसतं रंगवलं.

ऍन्सोनियात, नदीकाठी, पितळेच्या कारखान्यामागे
दुसऱ्या मजल्यावर आम्ही अठ्ठावीस बायका.
एका पानाचे नऊ पारदर्शक पत्रे:
पिवळ्याचे तीन, लालाचे तीन, निळ्याचे तीन,
पाव, अर्धा, भरगच्च.
आणि गंमत म्हणजे बशीत रंग एकच, विटकरी.
आकाश विटकरी, त्याची टाच विटकरी,
राक्षसाची जीभ विटकरी.
खरे रंग उमटायचे दूर कुठेतरी, छापखान्यात.
आंधळं दळतं म्हणतात ना,
तसं आम्ही रंगवायचो.

मिसेस हॅलिनन घड्याळ घेऊन पाठीशी उभी.
पैसे पानामागे. म्हणून गर्दीचं चित्र आलं
की कॉन्चेट्टा हळूच शीळ घालायची.
गर्दीला चेहरे नसतात;
एक जांभळा फासला की शंभर माणसं उरकली.

चौसष्टच्या फेब्रुवारीत आई दवाखान्यात होती.
डोक्याचं ऑपरेशन, केस काढलेले.
पिवळा रुमाल बांधून खिडकीशी बसायची,
नर्स आली की गाठ चाचपायची.

त्याच आठवड्यात ते पान आलं:
पूल कोसळतोय, तो उडत येतोय, खाली गर्दी.
सूचना साधी. निळा अर्धा, लाल अर्धा.
मी पाळली.
फक्त डावीकडून चौथ्या बाईच्या डोक्यावर,
नखाच्या चंद्राएवढ्या जागेत,
निळा टाळला, लाल टाळला, पिवळा भरला.
विचारलं असतं तर म्हणाले असते, हात घसरला.
कोणी विचारलं नाही.

अंक निघाला, बारा सेंट.
दुकानातच उभ्याने उघडला.
पिवळी छपाई नेहमीसारखी जरा सरकलेली.
रुमाल शेजारच्या विजेच्या खांबावर,
आणि तिचं डोकं
कोऱ्या कागदाचं, उघडं.

आईला दाखवला नाही.
मार्चमध्ये दाखवायला ती नव्हती.
अंक कपाटाच्या तळाशी अंथरला गेला,
कपाट भावाने विकलं.

म्हणून हे खंड. पहिला, दुसरा, तिसरा,
प्रत्येकात भिंग घेऊन पान पान.
ट्रेंट कौतुकाने सांगतो, कागद बघा, ठिपके गेले,
सगळं साफ करून नव्याने छापलंय.
माझं तोंड आंबट. आकाश असं सपाट
की त्यावर पत्ते खेळावेत.
ठिपक्यांमधून कागद दिसायचा, बाळा,
तोच तर उजेड होता.
मनात तक्रारीचं पत्र तयार होतं,
मिसेस हॅलिननच्या सुरातलं.

पान एकशे बारा.
पूल. तो. गर्दी.
डावीकडून चौथी.

रुमाल डोक्यावर होता.
रेषेच्या आत, गाठीसकट.

शेवटच्या पानावर दुरुस्ती करणाऱ्यांची सहा नावं,
मुंगीएवढी. एकही ओळखीचं नाही.
कुठल्या देशात, रात्री किती वाजता,
पानामागे काय दर लावून
कोणीतरी इथे थांबलं,
खांबावरचा पिवळा उचलला,
हिचाच असणार म्हणालं.
किंवा काहीच म्हणालं नसेल. जागा दिसली, भरली,
पुढचं पान घेतलं.
आम्हीही तसंच करायचो.

ट्रेंट विचारतोय, पाचवा बाजूला ठेवू का?
पाचव्यात माझं काही नाही.
एप्रिलमध्ये मी नोकरी सोडली.
पण कॉन्चेट्टा होती अजून दोन वर्षं,
आणि तिचा हात
माझ्याहून जास्त घसरायचा.
म्हटलं, ठेव.